वंशावळीतून गाळलेली बहीण, साडेबारा टक्क्यांचा भूखंड आणि खोटं हक्कसोडपत्र

खाडीपट्टा

बेलापूर पट्टी, पनवेल, उरण, सगळीकडे हाच प्रकार थोड्याफार फरकाने निघतो आणि दर वेळी तेच प्रश्न नव्याने विचारले जातात. एका ठिकाणी सगळं असावं म्हणून धागा काढतोय. नमुन्यादाखल एक काल्पनिक कुटुंब धरू. आपापले किस्से इथे नकोत, कागद आणि कायदा एवढंच बोलू.

वडील १९८५ साली वारले. मागे आई, तीन मुलगे, दोन मुली. जमीन एक एकर, सिडकोसाठी संपादनात. सातबाऱ्याला थोरल्याचं नाव ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून लागलं आणि १९८६ चा निवाडाही त्याच्याच नावे झाला. पुढे साडेबारा टक्के योजनेत, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या टक्क्यांचा भूखंड सिडको परत देते त्या योजनेत, भूखंड निघाला. फाइलीतल्या वंशावळीत थोरली बहीण नाहीच. धाकटी आहे, पण २००८ च्या नोंदणीकृत हक्कसोडपत्राने तिने हक्क सोडल्याचं दाखवलंय. ती म्हणते, मी निबंधक कार्यालयात कधी गेलेच नाही. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर आईची सही. थोरल्याच्या कपाटातली फाइल धाकट्या भावाच्या हाती लागली तेव्हा हे उघड झालं. भूखंडावर बिल्डरने काम सुरू केलंय.

प्रश्न असे. शोध कुठून सुरू करायचा? बहिणींचा वाटा नक्की किती? फौजदारी करायची तर कोणावर? आणि या सगळ्यात आई कुठे उभी राहते?

जुना_फेरफार

आधी जिल्हा बघा. नवी मुंबई म्हटलं की लोक थेट सीबीडीला सिडको भवनात धावतात, पण महसुली दप्तर दोन जिल्ह्यांत आहे. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, वाशी, नेरुळ, बेलापूर ही गावं ठाणे तालुक्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, उलवे पनवेल तालुक्यात आणि द्रोणागिरीचा पट्टा उरणात, म्हणजे रायगड जिल्हा. पोलीस आयुक्तालय मात्र दोन्हीकडे नवी मुंबईचंच.

आजचा सातबारा काढून काही हाती लागत नाही. त्यावर सिडकोचं नाव असतं. लागतो तो संपादनाच्या आधीचा हस्तलिखित सातबारा आणि त्यावर ज्या ज्या फेरफारांचे क्रमांक गोल करून लिहिलेत ते सगळे. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. तिच्यासोबत ६-क, म्हणजे वारस प्रकरणांची नोंदवही, हमखास मागा. तिथे मयत खातेदाराचे वारस कोणी, कोणत्या तारखेला, कसे सांगितले ते दिसतं. तेव्हा कोणी हरकत घेतली असेल तर तिचा माग ६-अ मध्ये, विवादग्रस्त प्रकरणांत. बरंचसं जुनं दप्तर स्कॅन होऊन 'आपले अभिलेख'वर आलंय, पण पानं पुसट असतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून प्रमाणित नक्कलच घ्या. कोर्टात तीच चालते.

१९८५ च्या सुमाराच्या वारस नोंदीत तीन तऱ्हा दिसतात. एक, सगळ्यांची नावं. दोन, मुलगे कब्जेदार सदरी आणि बहिणी 'इतर हक्कात'. तीन, थोरला एकटा ए.कु.मॅ. तिसरी तऱ्हा सगळ्यात फसवी आणि खरं तर सगळ्यात उपयोगीसुद्धा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून नाव लागलंय, याचा अर्थ जमीन एकट्याची नाही हे सरकारी दप्तरच सांगतंय. थोरला उद्या 'माझ्या नावावर होती' म्हणाला तर तीच तीन अक्षरं त्याच्या आड येतात.

थोरली बहीण त्या बापाचीच मुलगी, हे कसं दाखवायचं? शाळा सोडल्याचा दाखला असेल तर उत्तम. पूर्वीच्या बायकांकडे तो नसतो. मग गाव नमुना १४ बघा, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी त्यात आहेत. मुलाचं नाव पुष्कळदा नसतं, 'मुलगी', बापाचं नाव आणि तारीख एवढंच असतं. तेवढंही पुरतं, बाकीचे कागद त्याच्याशी जुळले की.

शेवटी निवाडा. मेट्रो सेंटरच्या, म्हणजे नवी मुंबईसाठी जमीन घेणाऱ्या कार्यालयाच्या, विशेष भूसंपादन अधिकाऱ्याच्या दप्तरातून त्याची नक्कल आणि मोबदला कोणाला दिला त्याची पावती. पावतीवर 'स्वतः व इतर हिस्सेदारांकरिता' असं काही लिहिलं असेल तर तो कागद सोन्याचा.

निबंधकाची_पायरी

२००८ चा दस्त म्हणजे काम सोपं आहे. महाराष्ट्रात तोवर नोंदणी संगणकावर आली होती. दस्ताच्या शेवटच्या पानांवर लिहून देणाऱ्याचा फोटो, अंगठ्याचा ठसा, दोन ओळखदारांची नावं आणि सह्या असतात. नोंदणी महानिरीक्षकांच्या संकेतस्थळावर मोफत शोधात वर्ष, गाव, सर्व्हे क्रमांक टाकून सूची क्रमांक २, म्हणजे दस्ताचा गोषवारा, निघते. तिच्यावरून दस्त क्रमांक आणि कार्यालय कळतं, मग पूर्ण दस्ताची प्रमाणित नक्कल मागा. एकाच शहरात अनेक सह दुय्यम निबंधक कार्यालयं असतात. एका ठिकाणी 'आढळत नाही' शेरा मिळाला म्हणून थांबू नका. आणि गावाचं नाव, नोडचं (सिडकोने वसवलेल्या उपनगराचं) नाव, सेक्टर, तिन्ही घालून बघा. साडेबाराच्या भूखंडांचे दस्त कधी गावाखाली, कधी नोडखाली नोंदलेले सापडतात.

नक्कल हातात आली की पहिल्यांदा सही बघू नका. फोटो बघा. दुसरीच बाई उभी केली असेल तर निम्मं काम तिथेच झालं. नंतर अंगठा. सही गिरवता येते, अंगठा गिरवता येत नाही. नंतर ओळखदार, ते बहुतेक वेळा घरातलेच निघतात, चुलतभाऊ किंवा मेहुणा. आणि दस्ताची तारीख त्या बाईच्या त्या दिवसाच्या ठावठिकाण्याशी ताडून बघा. त्या तारखेला ती बाळंतपणासाठी दवाखान्यात होती किंवा नोकरीवर हजेरी लावली होती असा कागद मिळाला तर तज्ज्ञाच्या अहवालाइतकंच वजन त्याला.

हक्कसोडपत्र कुलमुखत्यारपत्राने केलं असेल तर एक खाचखळगा आहे. स्थावराचे दस्त पुस्तक १ मध्ये जातात आणि त्यांची नक्कल कोणालाही मिळते. नुसतं मुखत्यारपत्र पुस्तक ४ मध्ये गेलं असेल तर नोंदणी अधिनियमाच्या कलम ५७ प्रमाणे त्याची नक्कल फक्त दस्तातल्या पक्षकारांना किंवा त्यांच्या प्रतिनिधीला मिळते. म्हणून अर्ज बहिणीच्याच नावाने आणि तिच्याच सहीने करा. कागदोपत्री लिहून देणारी तीच आहे, तिला नाही म्हणता येत नाही. भावाने अर्ज केला की परत पाठवतात.

तोतया उभं करणं हा नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ खाली वेगळा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा.

गणितीकाका

वाट्याचा हिशोब मांडतो. एक एकर म्हणजे ४०४७ चौ. मी. साडेबारा टक्के म्हणजे ५०६ च्या आत. त्यातून सामाजिक सुविधांसाठी ३.७५ टक्के कापून हातात ८.७५ टक्के, म्हणजे साधारण ३५४ चौ. मी. सहा वारस सारखे धरले तर प्रत्येकी ५९.

रानवारा

सहा सारखे कसे? वडील १९८५ ला गेले. मुलींना समान हक्क महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून. १९८५ च्या कायद्याने आधी काल्पनिक वाटणी: वडील, आई, तीन मुलगे, पाच हिस्से. वडिलांचा एक पंचमांश सहा जणांत. बहिणीला एक तीसांश. ३५४ मध्ये पावणेबारा चौ. मी. एवढ्यासाठी भावाला कोर्टात ओढायचं?

बेलापूर_कोर्टनाका

रानवारा, २०२० पर्यंत तुमच्या हिशोबाला आधार होता. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा प्रकरणात सांगितलं की मुलीचा सहदायिकीतला, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतला, हक्क जन्माने आहे, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असणं आवश्यक नाही. १९८५ ची ती काल्पनिक वाटणी फक्त मयताचा हिस्सा मोजण्यापुरती, प्रत्यक्ष वाटप नव्हे. आता नव्याने मांडा: वडील, आई, पाच मुलं, सात हिस्से. वडिलांचा सातवा हिस्सा सहा जणांत. सातवा अधिक बेचाळिसावा म्हणजे सहावा. काका बरोबर आहेत.

अपवाद एक, पण मोठा. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटप झालं असेल, किंवा विक्री वगैरे विल्हेवाट लागली असेल, तर ती उकरता येत नाही. संपादन हीसुद्धा विल्हेवाटच, असा युक्तिवाद समोरून होणार हे धरून चाला. त्याला उत्तर म्हणजे जमिनीच्या बदल्यात जो मोबदला आणि जो भूखंड आला तो त्याच कुटुंबाचा, आणि तो कधी वाटला गेलेला नाही. जुना_फेरफार यांनी सांगितलेली ए.कु.मॅ. नोंद आणि निवाड्याची पावती इथे कामाला येते.

जमीन वडिलांनी स्वतः कुळ म्हणून मिळवलेली, स्वतंत्र असेल तर हा सगळा वाद उद्भवतच नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ चं कलम ८ लावा. आई, मुलगे, मुली सगळे पहिल्या वर्गातले वारस आणि सगळे सारखे. तेव्हाही सहावाच. बाप १७ जून १९५६ च्या आधी वारलेला असेल तर मात्र चित्र पूर्ण वेगळं. त्यामुळे मृत्यूची तारीख पहिल्यांदा नक्की करा.

शेवंता_मावशी

'पावणेबारा मीटरसाठी' हे वाक्य प्रत्येक घरात म्हटलं जातं, फक्त म्हणणारा नेहमी भाऊच असतो. १९८४ ला जासईला गोळीबार झाला, माणसं गेली, दिबांच्या (शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील) मागे बायकाही रस्त्यावर होत्या. त्या लढ्यातून साडेबारा टक्के मिळाले. वाटपाच्या वेळी त्याच बायकांना साडीचोळीवर बोळवलं.

धागाकर्त्याने खोट्या सहीचं उदाहरण घेतलंय. गावात जास्त दिसतो तो दुसरा प्रकार: सही खरी, मजकूर लपवलेला. 'सिडकोचा फॉर्म आहे, आईच्या पेन्शनचा कागद आहे, सही कर ताई.' हिची फोड कोणी करेल का?

बेलापूर_कोर्टनाका

करतो, कारण इथेच दावे पडतात. सही खोटी असेल तर दस्त मुळात शून्य, त्याने हक्क जातच नाही. सही खरी पण फसवून घेतलेली असेल तर दस्त रद्द करून मागावा लागतो. मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ५९ प्रमाणे, ज्या दिवशी फसवणूक कळली तिथून तीन वर्षं. नोंदणीकृत दस्त खरा आहे असं कोर्ट गृहीत धरून चालतं, तो खोडण्याचा भार बहिणीवर. ती निरक्षर असेल, स्वतंत्र सल्ला मिळाला नसेल, मोबदला शून्य असेल आणि दस्त लिहून घेणारा तिच्या व्यवहारांवर हुकमत ठेवणारा असेल, तर हा भार बऱ्याच अंशी भावावर सरकतो. पण 'कळली' ती तारीख सिद्ध करावी लागते. म्हणून नक्कल मिळाल्याची पावती, अर्जाची पोच, सगळं जपून ठेवा.

थोरल्या बहिणीचं वेगळं आहे. तिने काहीच सही केलेलं नाही, तिला फक्त गाळलंय. तिच्यासाठी वाटपाचा दावा. अनुच्छेद ११० प्रमाणे आपल्याला वगळलंय हे कळल्यापासून बारा वर्षं. दोघींचा दावा एकत्र लावता येतो, पण प्रत्येकीचं म्हणणं आणि पुरावा वेगळा जाईल याची तयारी वकिलाने ठेवावी.

खर्चाची भीती घातली जाते म्हणून सांगतो. महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात महिला पक्षकाराला १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही मोफत मिळतो, महिलांना उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे दावा बहिणीच्या नावाने जावा. धाकटा भाऊ प्रतिवादी होतो आणि कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, बहिणीचं म्हणणं मान्य करतो. भावकीत तो 'फितूर' ठरेल, पण कागदावर तो वादी नसतो. बऱ्याच घरांत तेवढ्यानेही फरक पडतो.

क्रम चुकवू नका. आधी नकला, मग दावा आणि मनाईचा अर्ज एकत्र, दावा नोंदताच दुय्यम निबंधकाकडे लिस पेंडन्सची (मालमत्तेवर दावा चालू असल्याची) नोटीस नोंदवायची, त्यानंतर सिडकोला लेखी हरकत, दाव्याच्या प्रतीसह. पुष्कळ जण उलटं करतात. आधी वकिलाची नोटीस थोरल्याला जाते, तो पंधरा दिवसांत उरलेला हिस्सा कोणाला तरी लिहून देतो आणि मग कोर्टात चार जास्तीचे प्रतिवादी. वारस दाखला अजून निघायचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा अर्ज) टाका, ते ९० दिवस टिकतं, नंतर नवं टाकावं लागतं. दाखला निघून गेला असेल तर १८२७ च्या विनियमाखाली ज्या कोर्टाने दिला तिथेच रद्द करण्याचा अर्ज. त्या दाखल्याने मालकी ठरत नाही, पण सिडकोची फाइल त्याच्यावरच चालते.

रानवारा

सहाव्या हिश्श्याबद्दल चूक मान्य. पण तहसीलदाराकडे फेरफाराविरुद्ध अपील का नको? ते तर स्वस्त.

जुना_फेरफार

अपील तहसीलदाराकडे जात नाही, प्रांताकडे जातं. महसूल संहितेचं कलम २४७, मुदत ६० दिवस, उशीर माफ करायला कलम २५१. चाळीस वर्षांनी ते करून मिळणार काय? सातबाराच सिडकोच्या नावे आहे. शिवाय फेरफार हा हक्काचा पुरावा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीदा तरी सांगितलंय. संपादन न झालेली जमीन, म्हणजे ठाणे ग्रामीणला किंवा पनवेलच्या पुढे असेल, तर मात्र फेरफाराकडे डोळा ठेवा. 'आपली चावडी'वर प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा दिसतात. हरकतीला १५ दिवस असतात. मुंबईत राहणाऱ्या बहिणीला घरबसल्या बघता येतं.

एफएसआय_दीड

बिल्डरची बाजू कोणी लिहिली नाही म्हणून. साडेबाराच्या भूखंडावर सहसा त्रिपक्षीय करार होतो: सिडको, मूळ भूखंडधारक, विकासक. भूखंड ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. प्रकल्प महारेराला नोंदलेला असेल तर त्या पानावर वकिलाचा टायटल रिपोर्ट चढवलेला असतो. तो उतरवून घ्या. थोरल्याने वारसांची साखळी कशी रचली, हक्कसोडपत्राचा दस्त क्रमांक काय, वारस दाखल्याचा अर्ज क्रमांक काय, हे त्यात लिहिलेलं सापडतं. जे शोधायला महिना लागेल ते अर्ध्या तासात मिळतं, आणि फुकट.

बिल्डरला दाव्यात पक्षकार करा, पण इमारत पाडायची भाषा नको. ज्यांनी सदनिका घेतल्यात त्यांच्यावर कोर्ट सहसा कुऱ्हाड चालवत नाही. भूखंडधारकाच्या वाट्याला जे फ्लॅट आणि गाळे आलेत त्यातले न विकलेले शोधून त्यांच्यावर मनाई मागा. वसुली तिथून होते. बँकेचं कर्ज असेल तर दाव्याची प्रत बँकेलाही धाडा. बिल्डर दुसऱ्या दिवशी बोलणी लावतो.

खाडीपट्टा

आता मुख्य गाठ. फौजदारी.

ठाण्याबाहेर

२००८ चा प्रकार म्हणजे भारतीय दंड संहिता लागू: ४१९, ४२० (तोतयेगिरी, फसवणूक), ४६५, ४६७, ४६८, ४७१ (बनावट दस्त करणं आणि वापरणं), कट असेल तर १२०-ब. १ जुलै २०२४ नंतर तोच दस्त कोणी खरा म्हणून वापरला असेल तर त्या वापराला न्याय संहितेचं ३४०(२). तपासाची पद्धत आता नागरिक सुरक्षा संहितेची. ४६७ ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा, त्यामुळे 'जुनं झालं, मुदत गेली' हा बचाव चालत नाही.

एक गोष्ट तक्रार लिहिण्याआधी स्पष्ट हवी. आरोपी निवडता येत नाही. 'फक्त दादावर गुन्हा घ्या, आईला वगळा' असं पोलीस ठाण्यात चालत नाही. प्रतिज्ञापत्रावर आईची सही आहे, ओळखदार चुलतभाऊ आहे, अर्जावर तिघा भावांच्या सह्या असतील तर तक्रार सांगायला आलेला धाकटाही आहे. त्याने बहिणीला गाळलेली वंशावळ वाचून सही केली होती की नुसती सही केली होती, हा त्याचा बचाव, पण तो तपासात सिद्ध करावा लागेल. तोवर त्याचं नाव यादीत. म्हणून धाकट्याने आपली सही कुठे कुठे आहे ते आधी बघावं. फाइल सापडल्यानंतर गप्प बसणं एवढ्याने गुन्हा होत नाही. सगळं कळल्यावर त्याच कागदांच्या जोरावर नवीन करारावर सही केली किंवा आपला हप्ता घेतला, तर तो साक्षीदाराच्या रांगेतून आरोपीच्या रांगेत जातो.

नात्याला कायद्यात सवलत फार थोडी. नवरा-बायकोमधलं खासगी बोलणं उघड करायला लावता येत नाही, साक्ष अधिनियमात तसं संरक्षण आहे. आरोपीला आसरा दिल्याच्या गुन्ह्यातून सुटकाही फक्त नवरा-बायकोला. आई, भाऊ, बहीण यांना दोन्हीकडे काही नाही. वहिनी तोंड बंद ठेवू शकेल, आईला साक्षीला बोलावलं तर बोलावं लागेल.

तक्रार कुठली, हेही बघा. खोटं प्रतिज्ञापत्र वारस दाखल्याच्या कोर्टात दिलं असेल तर खोट्या साक्षीची तक्रार पोलीस थेट घेऊ शकत नाहीत, ती त्या कोर्टानेच करायची असते. त्यासाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४० चा, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३७९ चा अर्ज. हक्कसोडपत्र मात्र कोर्टाबाहेर बनलं आणि नंतर दाखल झालं. त्याला ही अडकाठी नाही, इक्बाल सिंग मारवा प्रकरणात २००५ साली घटनापीठाने हे ठरवून टाकलंय. नेमका हा फरक घरच्यांच्या उपयोगाचा आहे. तक्रार हक्कसोडपत्रापुरती, तोतया बाई, ओळखदार आणि लाभार्थी एवढ्यावर नेमकी लिहिली, तर आईचं प्रतिज्ञापत्र त्या दस्ताच्या बाहेर राहतं. तपास तिकडे जाणारच नाही अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. पण 'आई व तीन मुलांनी संगनमत करून' असं पहिल्याच वाक्यात लिहून द्यायचं, आणि मग आईसाठी अटकपूर्व जामीन शोधत फिरायचं, हे तरी टळतं.

आणखी एक. 'पैसे दे नाहीतर केस टाकतो' हे व्हॉट्सॅपवर लिहू नका. खंडणीची उलट तक्रार तयार होते. हिशोब मागा, हिस्सा मागा, तक्रारीचा उल्लेख वकिलाला करू द्या.

शेवंता_मावशी

आणि नंतर समेट झाला तर? भाऊ वठणीवर आला, हिस्सा दिला, गुन्हा मागे घेता येतो?

ठाण्याबाहेर

४२० कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतं. ४६७ तडजोडीचं नाही. 'माझी तक्रार नाही' असं लिहून दिलं म्हणून पोलीस बंद करत नाहीत. उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो, पूर्वीचं ४८२, आताचं ५२८. वाद मुळात घरगुती, मालमत्तेचा असेल तर न्यायालय समेटावर रद्द करतं, २०१२ च्या ग्यान सिंग निकालापासून तसा प्रघात आहे. पण तो न्यायालयाचा अधिकार, तुमचा हक्क नव्हे. म्हणून ज्या घराला समेटाची आशा आहे त्यांनी आधी दिवाणी दावा, त्यात मध्यस्थी, आणि फौजदारी हातात राखून ठेवावी. लोकअदालतीत तडजोड झाली तर तो हुकूमनामाच असतो, अपील नाही. ज्या घरात थोरला भूखंड विकून मोकळा होतोय, तिथे हा सल्ला उलटा करा.

निबंधकाची_पायरी

सहीच्या तपासणीबद्दल राहिलं. झेरॉक्सवरून तज्ज्ञ ठाम मत देत नाहीत. दाब, पेन उचलल्याच्या जागा, रेघेची थरथर मूळ कागदावरच दिसते. मूळ हक्कसोडपत्र थोरल्याकडे असेल तर ते हजर करायला लावा. निबंधकाकडचा ठसा मात्र तिथेच असतो. नमुना सह्या त्याच काळातल्या हव्यात: २००८ च्या आसपासचा बँकेचा फॉर्म, पासपोर्टचा अर्ज, शाळेच्या पालकसभेची नोंद. आज कोर्टात बसून केलेली सही वेगळी येते, वय झालेलं असतं. मूळ कागदाला टाचणी, लॅमिनेशन, घडी काहीही नको.

खाडीपट्टा

पोटप्रश्न. वडिलांचं दुसरं घर होतं आणि तिकडेही मुलं आहेत हे आता कागद काढताना कळलं, तर?

बेलापूर_कोर्टनाका

तर वंशावळ आणखी मोठी होते आणि ती लपवली तर जी चूक थोरल्याने केली तीच बहिणी करतात. पहिली बायको हयात असताना झालेलं लग्न शून्य, त्या बाईला वारसाहक्क नाही. मुलं मात्र हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १६ ने औरस. १ सप्टेंबर २०२३ च्या रेवणसिद्धप्पा निकालाप्रमाणे वडिलांचा जो हिस्सा काल्पनिक वाटणीत येतो त्यात त्यांना वाटा. बाकीच्यांच्या सहदायिकीत नाही. वरच्या उदाहरणात दोन मुलं धरली तर वडिलांचा सातवा हिस्सा सहाऐवजी आठ जणांत, प्रत्येकी एक छप्पन्नांश. दोघांची मिळून ३५४ मधली साधारण १२.६ चौ. मी. त्यांना पक्षकार केलं नाही तर आवश्यक पक्षकार नाहीत म्हणून दावा अडतो, आणि हे ओरडून सांगणारा पहिला माणूस थोरला असतो. त्याला ते घर माहीत असतंच.

रानवारा

आईचं वय ७८ धरू. तिला काय करायला सांगायचं?

बेलापूर_कोर्टनाका

तिला कोणी काही पढवू नका, दोन्हीकडच्यांनी. दाव्यात ती प्रतिवादी असेल. समन्स लागल्यापासून ३० दिवसांत कैफियत, कोर्टाच्या परवानगीने ९० पर्यंत. तिला स्वतंत्र वकील द्या, थोरल्याचा वकील तिच्याही वतीने उभा राहिला की घोटाळा होतो. 'मला पाच मुलं, प्रतिज्ञापत्र मला वाचून दाखवलं नव्हतं' हे खरं असेल तर तेवढं कैफियतीत यावं. मान्यतेवर आदेश १२ नियम ६ खाली तेवढ्यापुरता हुकूमनामा लवकर होऊ शकतो. फौजदारीत मात्र तीच कैफियत तिच्याविरुद्ध वाचली जाईल, म्हणून फौजदारी वकिलाने ती आधी पाहिलेली असावी.

ठाण्याबाहेर

आणि जबाबासाठी पोलीस ठाण्यात नेऊ देऊ नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे महिलेला साक्षीदार म्हणून राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. ती आता ज्याच्याकडे राहते तेच तिचं घर. थोरल्याकडे राहत असेल तर जबाबाच्या वेळी तो खोलीत बसणार नाही, एवढं अर्जात लिहून द्या.